अडगळीतल्या संगणकाची फायरवॉल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज 11 ज्यांना पेलत नाही, असे कितीतरी धडधाकट संगणक त्यामुळे अडगळीत गेले. दुसरीकडे भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावातही घरातले मोबाइल, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा आता एकाच वायफायवर असतात. तेव्हा जुन्या संगणकाची फायरवॉल करावी, ही कल्पना चांगलीच आहे. फक्त तिच्याभोवती ऐकीव गोष्टी फार जमल्या आहेत.

गैरसमज: कुठलाही जुना डबा चालतो.
वस्तुस्थिती: ओपीएनसेन्स आणि पीएफसेन्स या फ्रीबीएसडीवर उभ्या असलेल्या मोफत प्रणालींना 64-बिट प्रोसेसर लागतो. घरापुरती 4 जीबी रॅम पुरते. खरी अडचण असते ती नेटवर्क पोर्टची. इंटरनेट एका पोर्टातून आत येते आणि दुसऱ्यातून घरात जाते, म्हणून किमान दोन पोर्ट हवेत. जुन्या संगणकात बहुधा एकच असतो. दुसऱ्यासाठी इंटेलच्या चिपचे कार्ड आत बसवावे. यूएसबीचे अडॅप्टर स्वस्त पडते, पण चोवीस तासांच्या कामात ते मधूनच दगा देते.

गैरसमज: फायरवॉल बसवली की फसवणूक थांबली.
वस्तुस्थिती: फायरवॉल म्हणजे फाटकावरचा चौकीदार. न बोलावता येणाऱ्याला तो अडवतो, पण तुम्हीच आत घेतलेल्याला हटकत नाही. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या किंवा ई-चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल कूटबद्ध जोडणीतून येते, तिच्या आत काय आहे हे त्याला दिसत नाही. मोबाइल डेटावर असलेला फोन तर या फाटकातून जातच नाही. आणि ओटीपी कोणी फोनवर विचारून घेतला, तर कुठलेच यंत्र आडवे येणार नाही. पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

गैरसमज: राउटरमध्ये फायरवॉल असतेच, मग हा उपद्व्याप कशाला?
वस्तुस्थिती: असते, आणि बाहेरून येणारे बरेचसे ती अडवतेही. पण घरातून बाहेर काय जाते, यावर तिचे लक्ष फारसे नसते. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कंपनीचाच पासवर्ड कायम असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडखळल्या. जुन्या संगणकात तिसरा पोर्ट असेल तर कॅमेऱ्याचा रेकॉर्डर त्यावर वेगळा जोडता येतो. मग नियम लावून घरातल्या लॅपटॉपकडे आणि बाहेर इंटरनेटवर जाणारी त्याची वाट बंद करता येते. या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा हाच.

गैरसमज: जुना संगणक म्हणजे फुकटचे काम.
वस्तुस्थिती: 60 वॅट खाणारा डेस्कटॉप अहोरात्र चालला तर महिन्याला सुमारे 43 युनिट जळतात. 15 वॅटच्या थिन क्लायंट या छोट्या संगणकाला 11 युनिट पुरतात. त्यामुळे संगणक घेण्याआधी वीजबिल पाहावे.

गैरसमज: एकदा बसवले की विसरून जायचे.
वस्तुस्थिती: वऱ्हाडात दोन गोष्टी विसरू देत नाहीत, ऊन आणि लाइन. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात धुळीने भरलेला पंखा संगणकाला तापवतो. तो उन्हाळ्याआधी साफ करावा आणि यंत्र कूलरच्या ओलसर झोतात ठेवू नये. लाइन गेली की पुन्हा आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सेटिंग बायोसमध्ये असते. पण मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला असेल तर ती पुसली जाते आणि यंत्र एफ1 दाबायची वाट पाहत बसते. घड्याळही मागे जाते, मग प्रमाणपत्रे अमान्य ठरून अपडेट अडकतात. बटणाएवढा हा सेल आधीच बदलावा आणि छोटा यूपीएस जोडावा. अपडेट मात्र तुम्हालाच पाहावे लागतात; ते थांबले की फायरवॉल हेच घरातले भोक ठरते.

गैरसमज: यानंतर जुना राउटर निकामी.
वस्तुस्थिती: वायफाय त्यानेच द्यायचे. त्याचा पत्ता बदलून डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे त्याचे काम, बंद करावे आणि फायरवॉलची तार त्याच्या लॅन पोर्टात लावावी. फायबरवाल्याचा डबाही राहतो. तो ब्रिज मोडमध्ये करून मिळतो का, एवढे विचारून घ्यावे.

शिकण्याची हौस आणि देखभालीला सवड असेल, तर हा उद्योग जरूर करावा. सवड नसेल, तर अपडेट मिळत राहणारा चांगला राउटर परवडला. दोन्हींच्या आधी, कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून कंपनीचाच असेल तर तो आजच बदलावा. त्याला ना कार्ड लागते, ना वीज.