स्पेलिंग चुकते? घरचीच खूण लावा



महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. मूल रात्री स्पेलिंग घोकते आणि सकाळी विसरते. ‘आम्हाला कुठे इंग्रजी येते?’ असे म्हणून आपण बाजूला होतो. पण एबीसीडी ओळखता येत असेल तरी मदत करता येईल. जे अक्षर चुकते, ते घरातल्या ओळखीच्या शब्दाला बांधून टाका. सुरुवात आपल्या व्यवहारातल्या शब्दांनी करू.

रिसीट म्हणजे पावती : आर-ई-सी-ई-आय-पी-टी. यातला पी उच्चारत नाहीत, म्हणून लिहिताना गळतो. ‘पावतीचा प, तोच पी’ असे सांगा.

डेट म्हणजे कर्ज (तारीख नव्हे) : डी-ई-बी-टी. इथे बी मुका. ‘बाकीचा ब’ ही त्याची खूण. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांनी मूळ लॅटिन शब्द पाहून तो लिहिण्यात घातला. बोलण्यात मात्र आला नाही. पासबुकातले ‘डेबिट’ याच कुळातले.

प्रिन्सिपल : ‘तत्त्व’ या अर्थी शेवट पी-एल-ई, ‘मुद्दल’ या अर्थी पी-ए-एल. मुद्दलाच्या शेवटी ल, म्हणून स्पेलिंगच्या शेवटी एल. कॉलेजचे प्रिन्सिपलही याच स्पेलिंगचे.

गॅरंटर म्हणजे जामीनदार. सुरुवातीला जी-यू-ए-आर. गवारीचे इंग्रजी नाव याच चार अक्षरांचे.

सेपरेट म्हणजे वेगळे. मुले पी-नंतर ई लिहितात. तिथे ए-आर-ए-टी, म्हणजे ‘अ रॅट’, एक उंदीर आहे. ‘पोती सेपरेट ठेवली, तरी उंदीर शिरलाच!’

वेट म्हणजे वजन. आठच्या इंग्रजी स्पेलिंगपुढे डब्ल्यू लावा, झाले.

तीन गोष्टी पाळा. सगळा शब्द न धरता चुकणाऱ्या अक्षरालाच खूण लावा. खूण शक्यतो मुलालाच शोधू द्या. स्वतः जोडलेले जास्त टिकते. आणि शब्द न बघता लिहायला लावा : आज, उद्या आणि पुन्हा आठवड्याने. नुसते घोकणे पुरत नाही.

बँकेचा किंवा सोसायटीचा इंग्रजी कागद घरी आला, तर मुलाला शेजारी बसवून हे शब्द त्यात शोधायला सांगा. त्याचा अभ्यास होईल. आणि सही करण्यापूर्वी मुद्दल किती, बाकी किती व जामीनदार कोण, हे घरात सर्वांना कळेल.