पडणाऱ्याचं कसब

वर्धा जिल्ह्याला कुस्ती नवी नाही. देवळीचे रामदास तडस आधी विदर्भ केसरी म्हणून गाजले आणि मग २०१४ व २०१९ मध्ये वर्ध्याचे खासदार झाले. गावच्या दंगलीत डफडं वाजू लागलं की कापूस वेचून आलेला माणूसही हातपाय धुऊन आखाड्याकडे वळायचा. अशा मुलखात नव्वदीच्या सुरुवातीला केबलची काळी वायर कौलांवरून, कडुनिंबाच्या फांद्यांतून घरात शिरली आणि प्राइम स्पोर्ट्स नावाच्या चॅनेलवर भलतीच कुस्ती दिसू लागली. तिच्यात माती नव्हती. चार कोपऱ्यांचा उंच ओटा, त्याला तीन दोर, आणि रंगीबेरंगी कपडे घालून गाण्याच्या तालावर येणारे धिप्पाड गडी. पोरं तिला डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणत. ज्यांनी आयुष्यभर मातीतली कुस्ती पाहिली होती ते दोन मिनिटं पडद्याकडे बघत आणि निकाल देऊन टाकत, "अबे, खोटं हाय ना ते सारं!"

निकाल आधी ठरलेला असतो, हे खरंच होतं. ते लपलेलंही नव्हतं. डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणाऱ्या व्हिन्स मॅकमहन यांच्या कंपनीनं फेब्रुवारी १९८९ मध्येच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं होतं की हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, याला खेळाचे सरकारी नियम लावू नका. म्हणजे आमच्याकडे डिश अँटेना लागण्याआधीच त्या वादाचा निकाल लागलेला होता. मला विचारायचं आहे ते त्यापुढचं. कोण जिंकणार हे ठरलेलं असेल, तर पाहायचं कुणाकडे? माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. हरणाऱ्याकडे. १९९० ते १९९४ या काळातले जे सामने आजही पुन्हा पाहावेसे वाटतात, त्यातला जवळजवळ प्रत्येक सामना हरणाऱ्यानं उभा केलेला आहे.

महाराष्ट्रानं ही जात त्याआधीही पाहिली होती. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना तुफान गर्दी व्हायची. १९६८ मध्ये दारासिंग यांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. त्या कुस्त्यांबद्दलही हीच कुजबुज चालायची आणि तरी लोक तिकीट काढायचे. फरक एवढाच की त्या वेळी दूरच्या गावातल्या माणसाला वर्तमानपत्रातल्या फोटोवर भागवावं लागे. नव्वदीत मात्र कॅमेरा थेट दोरांजवळ गेला. पडणाऱ्याचा चेहरा दिसू लागला, आणि चेहरा दिसल्यावर पडणं ही वेगळी विद्या आहे हे ध्यानात येऊ लागलं.

ती विद्या अशी. रिंग म्हणजे पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा थर आणि ताणून बसवलेलं कॅनव्हास. गादी म्हणावी असं काही नाही. पाठीवर पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. श्वास सोडून द्यायचा. पाठीचा वरचा भाग सपाट टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी दोन्ही हातांचे तळवे फळीवर आपटले पाहिजेत, म्हणजे मार सगळ्या अंगावर वाटला जातो आणि आवाज सभागृहभर घुमतो. ठोसा मारणारा पाय आपटतो तोही आवाजासाठीच. पण उचलून आपटलेला माणूस खरोखरच आपटलेला असतो, हे कुणी नाकारू शकत नाही. आठवड्यातून चार-पाच रात्री, वर्षानुवर्षं. मातीच्या कुस्तीत पाठ टेकू नये म्हणून जन्म घालवायचा; इथे पाठ नीट टेकता यावी म्हणून.

आठवड्याच्या कार्यक्रमाची घडणही समजून घ्यायला हवी. 'सुपरस्टार्स' या कार्यक्रमाचे तीन-तीन आठवड्यांचे भाग एकाच गावात, एकाच रात्री चित्रित व्हायचे. अमेरिकेत मोठे सामने पाहायला वेगळे पैसे मोजावे लागत: जानेवारीत रॉयल रंबल, वसंतात रेसलमेनिया, ऑगस्टात समरस्लॅम, नोव्हेंबरात सर्व्हायव्हर सिरीज. फुकटच्या कार्यक्रमात दोन नामांकित गडी समोरासमोर आणले तर ते पैसे कोण भरणार? म्हणून दर आठवड्याला एक नामांकित आणि एक अनोळखी, असा जोड लागायचा. अनोळखी तीन-चार मिनिटांत हरायचा. त्याला कंपनीच्या भाषेत जॉबर म्हणत. बॅरी होरोविट्झ हा त्यातला मला फार आवडणारा. एखादा साधा डाव जमला की तो स्वतःच स्वतःची पाठ थोपटायचा, आणि पुढच्या मिनिटाला चितपट व्हायचा. १९९५ मध्ये एकदा त्याला स्किप नावाच्या गड्यावर विजय मिळाला तेव्हा निवेदकाचा आवाज चिरकला होता. होरोविट्झसारखे लोक नसते तर अंडरटेकर कुणाला भयंकर वाटलाच नसता. समोरचा घाबरून मागे सरकतो म्हणून आपण घाबरतो.

आता सामन्यांकडे येतो. हल्क होगनपासून सुरुवात करायची रीत आहे, पण मला त्याच्या सामन्यांत फारसं काही सापडत नाही. मार खायचा, अचानक अंग थरथरवायचं, बोट दाखवायचं, लाथ, पायाचा घाव, संपलं. १ एप्रिल १९९० ला टोरंटोच्या स्कायडोममध्ये तो अल्टिमेट वॉरियरकडून हरला. तो सामना चांगला झाला हे मान्य. पण हरल्यावर विजेतेपदाचा पट्टा वॉरियरच्या हाती देतानाही सगळ्या नजरा होगनकडेच राहिल्या. असं हरणं मला मोठं वाटत नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २४ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये रँडी सॅव्हेजनं वॉरियरकडून जो सामना करून घेतला तो बघा. हरेल त्यानं निवृत्त व्हायचं, अशी अट. वॉरियर म्हणजे ताकद भरपूर, दम कमी, डावांचा तुटवडा. सॅव्हेजनं सगळा सामना स्वतःच्या खांद्यावर घेतला. वरच्या दोरावरून कोपराचा घाव त्यानं एका मागून एक पाच वेळा घातला, आणि तरी समोरचा उठला. त्या क्षणी सॅव्हेजच्या चेहऱ्यावर जो अविश्वास आहे त्यानं वॉरियर एका रात्रीत मोठा झाला. हरल्यावर सॅव्हेजची मॅनेजर शेरी त्यालाच लाथा घालू लागली, आणि प्रेक्षकांतून त्याची आधीची मॅनेजर एलिझाबेथ धावत आली. प्रेक्षकांत लोक रडत होते आणि कॅमेऱ्यानं ते टिपलं.

तरीही माझा सर्वांत आवडता सामना दुसरा आहे. २६ ऑगस्ट १९९१, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, इंटरकॉन्टिनेंटल पट्ट्यासाठी मिस्टर परफेक्ट विरुद्ध ब्रेट हार्ट. परफेक्ट म्हणजे मिनेसोटाचा कर्ट हेनिग, लॅरी हेनिग या जुन्या मल्लाचा मुलगा. ब्रेटचे वडील स्टू हार्ट आणि आई हेलन प्रेक्षकांत बसले होते. हेनिगच्या पाठीला तेव्हा गंभीर दुखापत झालेली होती; या सामन्यानंतर तो वर्षभराहून जास्त काळ रिंगणात उतरू शकला नाही. अशा पाठीनं तो त्या रात्री पडत होता. ढकलला की नुसता कोसळायचा नाही, अख्खं अंग हवेत फिरवून पडायचा. ब्रेटचा साधा धक्काही त्यामुळे जबर वाटायचा. हेनिगचा हुकमी डाव परफेक्टप्लेक्स. त्यातून ब्रेट सुटला तेव्हा गार्डनमधले लोक उभे राहिले.

शेवट तर पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा. परफेक्टचा कोच दोरापाशी चढतो, ब्रेटचं लक्ष जातं, ब्रेट खाली पडतो. परफेक्ट त्याचे पाय फाकवून धरतो आणि आपला पाय त्याच्या जांघेत आपटतो. एकदा. दुसऱ्यांदा तोच घाव घालायला जातो तेव्हा खाली पाठीवर पडलेला ब्रेट तो पाय हवेतच पकडतो, पडल्यापडल्या त्याच्या पायांची गुंतवण करतो आणि उलटून शार्पशूटरमध्ये बसतो. हा डाव एरवी उभ्यानं लावायचा: खाली पडलेल्याच्या पायांमध्ये आपला पाय रोवायचा, त्याचे पाय भोवती आडवे अडकवायचे, त्याला पालथा करायचा आणि पाठ ताणत मागे बसायचं. खालून, पडल्यापडल्या लावणं म्हणजे समोरच्यानं आपलं वजन अचूक जागी, अचूक वेळी आणून द्यायला हवं. हेनिगनं ते आणून दिलं, आणि शार्पशूटर पाठीवरच बसतो. तालमीतल्या कोणत्याही वस्तादाला ही समज ओळखू येईल.

१९९२ चे दोन सामने सांगतो. जानेवारीत ऑल्बनीला झालेल्या, गडी एकामागून एक उतरत जाणाऱ्या रॉयल रंबलमध्ये रिक फ्लेअर तिसऱ्या क्रमांकावर उतरला आणि तासभर टिकून जिंकला. इथे जिंकणाराच मार खाणारा होता, म्हणून तो माझ्या हिशोबात बसतो. बॉबी हीनन निवेदकाच्या खुर्चीवरून त्याच्यासाठी जो जीव टाकत होता, तो आवाज काढून घेतला तर अर्धी रंगत जाईल. मग २९ ऑगस्टला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ब्रेट हार्ट आणि ब्रिटिश बुलडॉग म्हणजे डेव्हीबॉय स्मिथ, नात्यानं मेहुणे. जाहीर केलेली गर्दी ऐंशी हजार. ब्रेटनं पुढे सांगितलं आहे की सामना सुरू होताच डेव्हीबॉय स्मिथ ठरलेलं सगळं विसरला आणि ब्रेटला त्याच्या कानात सांगत सांगत सामना पुढे न्यावा लागला. पाहताना हे कळतही नाही. आणि शेवटी, बुलडॉगच्या मायदेशात, ब्रेट हरला.

त्याच ब्रेटला ४ एप्रिल १९९३ ला लास वेगासमध्ये जे हरवलं गेलं ते मात्र मला आजही सलतं. समोर योकोझुना होता. त्याचा मॅनेजर मिस्टर फुजी यानं ब्रेटच्या डोळ्यांत मीठ फेकलं, पट्टा गेला, आणि होगननं येऊन तोच पट्टा २२ सेकंदांत घेतला. योकोझुनाचं मला कौतुक आहे. अमेरिकेतल्या सामोअन घराण्यातला हा गडी जपानी म्हणून उभा केला होता. दोन क्विंटलच्या वरचं वजन घेऊन तो ज्या चपळाईनं फिरायचा तसं नंतर क्वचित दिसलं. त्याला आणि ब्रेटला, दोघांनाही त्या रात्री वाया घालवलं.

अंडरटेकरबद्दल लिहिलं नाही तर वर्ध्यात मला कुणी सोडणार नाही. सर्व्हायव्हर सिरीजमध्ये २२ नोव्हेंबर १९९० ला तो पहिल्यांदा आला आणि आमच्या पोरांसाठी तो माणूस उरलाच नाही. सात वेळा मरून परत आला, ही बातमी देशभर एकाच वेळी कशी पसरली कोण जाणे. त्याची कारागिरी उलटी: मार लागलाच नाही असं दाखवायचं आणि झोपल्या जागी ताडकन उठून बसायचं. खरं सांगायचं तर त्या वर्षांतले त्याचे सामने बरेचदा मंद होते. जायंट गोन्झालेसबरोबरचे तर पाहवत नाहीत. ऑगस्ट १९९४ मध्ये त्याच्यासमोर खोटा अंडरटेकर उभा केला गेला. ते काम केलं ब्रायन लीनं, आणि हाच ब्रायन ली १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षय कुमारसमोर उभा राहिला. थिएटरात बसलेल्या पोरांनी तो खराच मानला. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांच्या कॅटवरचे उंची, वजन, छाती आणि दंडाचे आकडे पाठ असलेली पोरं होती ती.

२० मार्च १९९४, पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन. शिडीच्या सामन्याची कीर्ती मोठी आहे. रेझर रॅमन जिंकला आणि शॉन मायकल्सनं शिडीवरून, शिडीसकट, शिडीखाली पडून तो गाजवला. पण त्याच रात्री सुरुवातीला ओवेन हार्टनं थोरल्या भावाला, ब्रेटला हरवलं, तो मी वर ठेवतो. शिडी नाही, खुर्ची नाही. धाकट्याचा राग आणि थोरल्याची त्याला न दुखवण्याची धडपड, एवढ्यावर वीस मिनिटं.

या लोकांनी काय मोजलं तेही लिहायला हवं. ओवेन १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत उंचावरून रिंगमध्ये उतरवताना पडून गेला, वय ३४. योकोझुना २००० मध्ये, तोही ३४. डेव्हीबॉय स्मिथ २००२ मध्ये ३९ व्या वर्षी, हेनिग २००३ मध्ये ४४ व्या. सगळ्यांची कारणं एक नव्हती. पण त्या धंद्यात सुट्टी नव्हती, दुखऱ्या अंगानं कामावर उभं राहण्याची सक्ती होती, आणि औषधांचा मारा होता. १९९४ मध्ये मॅकमहनवर स्टेरॉइड्सचा खटला चालला, ते सुटले. ज्याला हे सगळं खोटं वाटतं त्यानं ही वयं वाचावीत.

नव्या माणसानं सुरुवात कुठून करावी? मोठ्या रात्रींपासून नको. ११ जानेवारी १९९३ ला 'मंडे नाइट रॉ' सुरू झाला, मॅनहॅटन सेंटरच्या लहानशा सभागृहातून. १७ मे च्या भागात रेझर रॅमनसमोर नेहमीसारखा एक किरकोळ अंगाचा, हरण्यासाठी आणलेला पोरगा उभा होता. त्यानं वरच्या दोरावरून उलटी गिरकी घेऊन रेझरवर उडी टाकली आणि एक-दोन-तीन. त्याचं नावच मग वन-टू-थ्री किड पडलं आणि शॉन वॉल्टमनला आयुष्यभराचं काम मिळालं. पुढे रेझर पुन्हा लढायचं म्हणून त्याला पैशांची बोली लावत गेला, दहा हजार डॉलरपर्यंत, आणि पोरगा ती थैली घेऊन पळाला. हा सामना पाहाल तेव्हा पोराकडे फार पाहू नका. रेझरचं काम करणाऱ्या स्कॉट हॉलकडे पाहा. सुरुवातीला तो कसा तोंडातली काडी समोरच्याच्या अंगावर टिचकीनं उडवतो, किती आरामात मारतो, आणि तीन मोजून झाल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, ते पाहा.