राखीव खेळाडूचे मोल

३ मार्च २०२५ रोजी पद्माकर शिवलकर यांचे मुंबईत निधन झाले. प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी मद्रास येथे तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ व दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तरीही कसोटी संघाचे दार उघडले नाही. त्या जागी बिशनसिंग बेदी होते. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही गत तीच. १९७४ साली बंगलोर कसोटीतून बेदींना वगळले गेले, गोयल यांची संघात निवडही झाली. परंतु प्रत्यक्ष मैदानात उतरण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

उणीव गुणांची नव्हती, जागांची होती. शेरविन रोझेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली दाखवून दिले की, काही व्यवसायांत गुणवत्तेतील किंचित फरकामुळे प्राप्तीत प्रचंड अंतर पडते. अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा ‘क्वार्टरबॅक’ एका वेळी एकच असतो. त्याचा बदली खेळाडू कित्येक सामने नुसता बसून काढतो. २००१ साली ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून टॉम ब्रॅडीला संधी मिळाली आणि त्याच हंगामात त्याच्या संघाने अजिंक्यपद पटकावले. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे बसून राहणाऱ्यालाही हंगामाचे वेतन मिळते, कारण त्याची सिद्धता हीच संघाने विकत घेतलेली सेवा होय.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण हे आपले राखीव खेळाडूच. सेट-नेट उत्तीर्ण झालेला, प्रसंगी पीएच.डी. मिळवलेला हा शिक्षक सकाळी अमळनेरला तर दुपारी धुळ्याला तास घेतो. कापूस वेचणाऱ्या मजुराला किलोमागे दर मिळतो, याला तासामागे. सुटी लागली की प्राप्ती थांबते. शिवलकरांना मुंबईच्या संघात मानाचे स्थान तरी होते. याला शिक्षककक्षात हक्काची खुर्चीही नसते. शिवाय येथे पुढे कोणी बेदी उभा आहे असेही नाही. जागा रिकामी आहे, ती भरली जात नाही एवढेच.

सर्वांनाच कायम नेमणूक देणे शासनाला तूर्त परवडणार नाही, हा युक्तिवाद क्षणभर मान्य करू. तथापि ज्याच्या भरवशावर वर्ग चालतात, त्याला वर्षभराचे मासिक मानधन द्यावे आणि त्याची सेवा अनुभव म्हणून मोजावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. शिवलकर आणि गोयल यांना क्रिकेट मंडळाने २०१७ साली जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा दोघांनीही सत्तरी ओलांडली होती. आमच्या या तरुणांना गौरव नको, दर महिन्याचा पगार हवा आहे. आणि तो त्यांच्या उमेदीच्या वर्षांतच मिळाला पाहिजे.