कोणता दिवा जास्त उजळेल?

वायरमन मंडळींत फिरणारं एक जुनं कोडं आहे. तारेचे दोन पिवळे दिवे घ्यायचे, एक 40 वॉटचा आणि एक 100 वॉटचा. दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकातून निघालेली वायर दुसऱ्यात, असे जोडायचे आणि 230 व्होल्टवर लावायचे. कोणता जास्त उजळेल?

नवशिका पटकन म्हणतो, शंभरचा. प्रत्यक्षात चाळीसचा छान पेटतो आणि शंभरच्या तारेत जेमतेम लालसर धग दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, शंभरचा दिवा खराब निघाला. मग तोच दिवा एकटा लावून दाखवतात, तर तो लख्ख.

या कोड्याचं उत्तर बहुतेकांना ऐकून माहीत असतं. कारण मात्र थोडेच जण सांगतात, आणि सगळी गंमत त्या कारणात आहे. काचेवर छापलेले वॉट हा दिव्याचा कायमचा गुण नाही. पूर्ण 230 व्होल्ट मिळाले तरच ते खरे. दिव्याचं स्वतःचं असं जे काही असतं तो म्हणजे त्याच्या तारेचा रोध. तो काढणं सोपं आहे: 230 चा वर्ग 52,900, त्याला वॉटने भागायचं. शंभरच्या दिव्याचा रोध 529 ओहम, चाळीसच्याचा सुमारे 1,322. कमी वॉटचा दिवा म्हणजे जास्त रोधाचा दिवा, हे एकदा मनात बसलं की अर्धं कोडं सुटलं.

आता सिरीजमध्ये वाट एकच, म्हणून दोघांतूनही करंट सारखाच जातो. एकूण रोध 1,851 ओहम, करंट साधारण 0.124 अँपिअर. दाबाची मात्र वाटणी होते, आणि ती रोधाच्या प्रमाणात. चाळीसच्याला 164 व्होल्ट, शंभरच्याला उरलेले 66. पहिला वीसेक वॉट खातो, दुसरा आठ.

खरं तर फरक याहूनही मोठा पडतो. टंगस्टनची तार गार असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या दहा-पंधरापट कमी असतो. शंभरच्या दिव्याला दाब कमी मिळाला, म्हणून तार गारच राहिली. गार राहिली म्हणून रोध घटला. रोध घटला म्हणून दाबाचा वाटा आणखी आक्रसला. कागदावरच्या आकड्यांपेक्षा शंभरचा दिवा मंद दिसतो तो यामुळे.

हे कोडं मला फार मोलाचं वाटतं, कारण ते वायरमनच्या रोजच्या कामात वेश बदलून भेटत राहतं. दुकानातला सिरीज बोर्ड घ्या. सॉकेटच्या वाटेत एक 100 वॉटचा दिवा घातलेला असतो आणि दुरुस्तीला आलेली वस्तू त्या सॉकेटला लावून पाहतात. वस्तू शॉर्ट असेल तर तिचा रोध शून्यावर, सगळा दाब दिव्यावर, दिवा लख्ख आणि फ्यूज शाबूत. आतली कॉइल तुटली असेल तर अंधार. पण 1,000 वॉटची चांगली इस्त्री लावली तर? तिचा रोध फक्त 53 ओहम, म्हणून दिव्याला 209 व्होल्ट मिळतात आणि तो जवळपास पूर्ण पेटतो. नवखा कारागीर चांगल्या इस्त्रीला शॉर्ट ठरवतो तो इथेच. इस्त्री, गिझर असल्या वस्तूंना मीटर लावूनच निर्णय घ्यावा.

दुसरा वेश अधिक फसवा आहे. घरातली लाइट गेली, शेजाऱ्यांची आहे. टेस्टर सॉकेटच्या फेजच्या भोकात पेटतो, आणि न्यूट्रलच्या भोकातही पेटतो. दोन्हीकडे करंट दिसतोय, तरी पंखा फिरत नाही. घरमालकाला वाटतं, दोन फेज आले.

फेज एकच आहे. न्यूट्रल कुठेतरी तुटलेली आहे. एखाद्या खोलीत दिव्याचं बटण चालू राहिलेलं असतं. फेज त्या दिव्यातून पलीकडे जातो आणि तुटक्या न्यूट्रलमध्ये येऊन थांबतो. तिथे टेस्टर लावला की वाट पूर्ण होते: दिवा, टेस्टर, आपलं बोट, जमीन. टेस्टरच्या पोटात निऑनची चिमुकली नळी आणि तिच्यासोबत साधारण दहा लाख ओहमचा रोधक असतो. पुन्हा तेच दोन रोध सिरीजमध्ये, दिवा शंभरचा धरला तर 529 आणि दहा लाख. दिव्याच्या वाट्याला एक दशांश व्होल्टच्या आसपास येतात, बाकी सगळा दाब टेस्टरकडे. म्हणून टेस्टर झगझगीत आणि दिवा काळा. खात्री करायची असेल तर सगळी बटणं बंद करा आणि प्लग काढा. न्यूट्रलच्या भोकातला उजेड विझतो.

इथे एक गोष्ट जपायला हवी. टेस्टरच्या जागी कुणाचा उघडा हात आला तर? ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. तेव्हा शरीरावर 150 व्होल्ट आणि त्यातून दीडशे मिलिअँपिअर. घरातला जीवरक्षक ब्रेकर 30 मिलिअँपिअरला तुटावा असा बनवतात, यावरून हा आकडा किती जीवघेणा आहे ते कळेल. ‘न्यूट्रलच तर आहे’ म्हणून ती कधी हाताने धरू नये.

तिसरा वेश सगळ्यांत महागात पडतो. इमारतीच्या मुख्य पॅनेलमध्ये, किंवा गावाच्या डीपीवर, तिन्ही फेजची मिळून असलेली न्यूट्रल निसटते. कोडं असं विचारतात: एकाच क्षणी एका घराचा टीव्ही जळाला आणि शेजारच्या घरातला गिझर गार पडला, का? तिसरा फेज सोयीसाठी बाजूला ठेवू. एका फेजवर 2,000 वॉटचा गिझर, रोध 26 ओहम. दुसऱ्या फेजवर सगळं मिळून 100 वॉटचं सामान, 529 ओहम धरू. न्यूट्रल असेपर्यंत दोघांना आपापले 230. ती गेली की ही दोन घरं दोन फेजच्या मध्ये, जवळजवळ 400 व्होल्टवर, सिरीजमध्ये लागतात. गिझरला 19 व्होल्ट, आणि कमी वीज वापरणाऱ्या घरात सुमारे 380. चाळीसचा दिवा उजळला होता ना, तसंच हे घर ‘उजळतं’. म्हणून दिवे अचानक भगभगायला किंवा मंदावायला लागले की आधी घराचा मेन स्विच पाडावा, मग कारण शोधावं.

एलईडी आल्यापासून मूळ कोडं करून दाखवणं कठीण झालंय. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो, त्याला हे साधं गणित लागू पडत नाही. पण त्याच दिव्याने एक नवं कोडं दिलंय: बटण बंद, तरी रात्री दिवा मिणमिणतो. पिवळ्या दिव्याची तार तापवायला न पुरणारा सूक्ष्म करंट एलईडीच्या कंडेन्सरमध्ये साठत राहतो आणि थोडाथोडा उजेड देतो. तो येतो बटणातल्या छोट्या इंडिकेटरमधून, किंवा शेजारून समांतर धावणाऱ्या फेजच्या वायरमुळे. या दोन्हींत धोका नाही. तिसरं कारण मात्र तपासायलाच हवं. मेन स्विच बंद करून दिवा काढून घ्यावा, मग मेन चालू करून, बटण मात्र बंद ठेवून, बटणाच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावावा. एकाही टोकाला फेज नसेल, किंवा होल्डरपर्यंत तो थेट पोचलेला असेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलंय. अशा घरात बटण बंद करून दिवा बदलणाऱ्याच्या हाताजवळ जिवंत फेज असतो. ती जोडणी वायरमनकडून लगेच बदलून घ्यावी, आणि तोवर दिवा बदलायचा झाल्यास मेन स्विच बंद करूनच बदलावा.