दुखतंय म्हणजे नेमकं कसं?

दवाखान्यात गेल्यावर आपण काय सांगतो? "डॉक्टर, कंबर दुखते." एवढंच. गोळ्या घेऊन घरी येतो. दुखणं थांबत नाही, आणि घरातले म्हणतात, "हिचं रोजचंच आहे." आज आम्ही अशा एका संशोधकाची गोष्ट सांगणार आहोत, ज्यांनी दुखणं समजून घेण्यात आयुष्य घातलं.

त्यांचं नाव रोनाल्ड मेलझॅक. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ते मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. तरुणपणी अमेरिकेत शिकताना त्यांना एक वयस्कर बाई भेटल्या. मधुमेहामुळे त्यांचा पाय कापलेला होता, तरी नसलेल्या पायात वेदना व्हायच्या. त्या बाई जे जे शब्द वापरत, ते मेलझॅक लिहून ठेवू लागले.

1965 मध्ये त्यांनी आणि पॅट्रिक वॉल यांनी एक नवा विचार मांडला. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. ते कधी उघडतं, कधी मिटतं. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं ना? चोळण्याचा निरोप ते फाटक थोडं लावून घेतो. मेंदूकडूनही त्यावर हुकूम येतात. म्हणून काळजी, भीती असली की तेच दुखणं जास्त जाणवतं. म्हणजे ते खोटं असतं असं मुळीच नाही!

पुढे 1975 मध्ये मेलझॅक यांनी रुग्णांसाठी एक प्रश्नावली छापली. त्यात वेदनेचे 78 शब्द, 20 गटांत मांडलेले. दुखणं कसं आहे ते सांगणारे, आणि ते किती दमवतं, किती घाबरवतं, हे सांगणारेसुद्धा. रुग्णाचा शब्द हाच पुरावा मानला गेला.

मैत्रिणींनो, असे शब्द आपल्याकडे काय कमी आहेत? फोड ठणकतो, दातातून सणक जाते, पोटात कळ येते, गुडघ्यात चमक निघते, पाठीत उसण भरते, तळपायाची आग होते, हाताला मुंग्या येतात. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं, आणि डॉक्टरांना त्यातून कारणाचा माग लागू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी पाच गोष्टी सांगा: कुठे दुखतं, कधीपासून, कसं दुखतं, कशानं वाढतं किंवा कमी होतं, आणि त्यामुळे कोणतं काम अडतं. गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगून बघा. सांगायला लाजू नका, आणि दुसरीचं ऐकताना हसू नका.