भरतीचे घड्याळ

नावडे गाव समुद्रावर नाही. तरी भरती-ओहोटी आपल्याला परकी नाही. कासाडी नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. त्या खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ज्यांनी खारात भात लावला, मिठागरात घाम गाळला, ती जुनी माणसे हाताला घड्याळ न बांधता पाण्याची वेळ सांगत. आता गावाभोवती कारखाने आले, इमारती आल्या. पाण्याची वेळ कळणारी माणसे थोडी उरली.

आणि आपली पोरे मे महिन्याच्या सुट्टीत अलिबागला जातात! भर उन्हात किनाऱ्याने फिरतात, पाण्यातल्या कुलाबा किल्ल्यावर चालत जातात. म्हणून हे लिहितो आहोत. वैशाखात आम्ही काही मंडळी अलिबागहून नागावपर्यंत किनाऱ्याने पायी गेलो. बहुतेकांची ही पहिलीच पायी सफर. मदतीला पंचांग होते आणि काठावरच्या कोळी मंडळींचे सांगणे होते.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्र ओढतो. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. भरतीही रोज तितकीच उशिरा येते. म्हणून भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. आपल्या कोकण किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला असते. पुढे प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे धरा. समजा, आज वद्य तीज आहे. तीन गुणिले ४८ म्हणजे १४४ मिनिटे, म्हणजे २ तास २४ मिनिटे. तेव्हा भरती दुपारी अडीचच्या आसपास. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांहून थोडे जास्त अंतर असते. म्हणून ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमाराला.

ज्यांना पाऊणकी पाठ आहे त्यांचे काम आणखी सोपे. तीन पाऊण सव्वादोन! हिशेब थोडा कमी भरतो, पण अंदाज बरोबर येतो. मात्र हा अंदाजच आहे, बरं का. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खाडीत आत गेलात तर पाणी आणखी उशिरा पोचते. जीव टांगणीला लावायचा तर नुसत्या अंदाजावर लावू नये. छापील वेळापत्रक पाहावे आणि काठावरच्या कोळ्याला विचारावे.

आता दुसरी गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी खूप चढते आणि खूप मागेही हटते. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाणी थोडेच चढते, थोडेच उतरते. म्हणून भांगाच्या दिवसांत ओहोटी असूनही किल्ल्याची वाट पाण्याखालीच राहू शकते. 'ओहोटी आहे ना, मग चला' असे म्हणून भागत नाही.

माणसे फसतात ती तिसऱ्या गोष्टीत. ओहोटी संपली की पाणी चढू लागते, पण ते एका चालीने चढत नाही. समजा, सहा तासांत बारा हंडे पाणी भरायचे आहे. पहिल्या तासात एकच हंडा येतो. दुसऱ्या तासात दोन. तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन. मग पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी बारा फूट आणि कधी त्याहूनही जास्त चढते. तेव्हा हंड्याच्या जागी फूट म्हणा. पहिल्या तासात फूटभर पाणी चढले, तर माणूस म्हणतो, अजून पुष्कळ वेळ आहे. आणि चौथ्या तासाच्या शेवटी तेच पाणी नऊ फूट झालेले असते! शिवाय पाणी सरळ समोरून येत नाही. सखल जागा आधी भरतात. आपण वाळूच्या उंचवट्यावर कोरडे उभे असतो आणि मागची वाट गेलेली असते.

कुलाबा किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू करवले. पुढे तो कान्होजी आंग्र्यांचे मोठे ठाणे झाला. आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. भोवती खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे पाहण्यासारखे आहे. आम्ही तिजेला सात वाजता निघालो. काठावर मासळी निवडत बसलेली एक म्हातारी कोळीण म्हणाली, "आज तीज हाय. साडेनवाच्या आत वाळूवर या." आम्ही सव्वानऊलाच परतलो.

समजा, कुणी आत अडकलेच, तर किल्ल्यातच थांबावे. एका ओहोटीपासून दुसरी ओहोटी बारा-साडेबारा तासांनी येते. एक खाडा पडेल, घरी बोलणी बसतील. तेवढ्यासाठी छातीभर पाण्यात उतरू नये. पाण्याला ओढ असते, पोहणाराही वाहून जातो.

पुढे आक्षीला जाताना साखरची खाडी आडवी येते. ओहोटीला ती उथळ दिसते. खाडीच्या चिखलात पाय रुतला तर निघत नाही, म्हणून आम्ही पुलावरून गेलो. आक्षीला एक जुना कोरीव दगड आहे. त्यावरचा मराठी लेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा आहे, असे काही अभ्यासक मानतात. अक्षरे झिजली आहेत. नव्याने वाचायला शिकलेल्याने तो दगड अवश्य पाहावा.

राहिले ऊन. किनाऱ्यावर वारा असतो, म्हणून ऊन कळत नाही. माठाचे पाणी गार का होते? पाझरलेले पाणी वाळते म्हणून. अंगाचेही तसेच आहे. घाम वाळला तरच अंग निवते. किनाऱ्यावरची हवा दमट, तिथे घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले सरबत उत्तम. चालायचे ते ओल्या घट्ट वाळूवरून. कोरड्या वाळूत दुप्पट दम लागतो. खडकावर अनवाणी जाऊ नये. कालवांच्या शिंपल्या पात्यासारख्या कापतात. अकरा ते चार आम्ही आक्षीच्या सुरूच्या बनात पडून राहिलो आणि ऊन उतरल्यावर नागाव गाठले.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उन्हाचा झटका समजावा. घाम येत असला तरी फसू नये. त्याला लगेच सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत अंग भिजवीत राहावे.