रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे बदलाचा परवाना नव्हे
सिलतरा (रायपूर) : पोलाद कारखान्यांच्या या औद्योगिक क्षेत्रात लेथवर धातूला हवा तो आकार देता येतो, मात्र आयात केलेल्या क्रीडा रायफलीला तेथे लष्करी रूप देणे गुन्हा ठरू शकते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राचे रूपांतर किंवा दुरुस्ती करून देणाऱ्याकडे स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, एका प्रवर्गातील बंदूक दुसऱ्या प्रवर्गात बदलणेही कलम ६ च्या कक्षेत आले. चाप दाबून धरताच गोळ्या सुटत राहतील, असा बदल केलेले शस्त्र ‘प्रतिबंधित’ ठरते. विनापरवाना रूपांतरास किमान ७ वर्षे कारावास ते जन्मठेपेची तरतूद आहे. त्यामुळे बदलापूर्वी परवाना प्राधिकरणाकडे विचारणा करणेच हिताचे.